घराचा प्लॅनर, वऱ्हाडी स्टाइल

चकचकीत प्लॅनर आपण सगळेच घेतो आणि फेब्रुवारीत विसरतो. कागदावर घर खरोखर कसं चालतं हे बघायचं असेल, तर एखाद्या वीकएन्डला गाडी पकडा अमरावती-अकोल्याची.

सांगा बरं, तुमच्या घरात आत्ता किती डायऱ्या आहेत? ऑफिसातून मिळालेली एक, वाढदिवसाला कुणीतरी दिलेली एक, आणि मॉलमधून हौसेनं आणलेली ती महागडी, स्टिकर्सवाली. त्यातल्या किती डायऱ्यांमध्ये १५ जानेवारीनंतर काही लिहिलंय? राहू दे, उत्तर नका देऊ!

कागदी प्लॅनरची क्रेझ सध्या जोरात आहे. न्यूयॉर्कच्या रायडर कॅरोल नावाच्या डिझायनरनं २०१३ मध्ये ‘बुलेट जर्नल’ची पद्धत जगापुढे ठेवली आणि दिवसभर स्क्रीनसमोर बसणारी पिढी पुन्हा पेन शोधायला लागली. त्याच्याही खूप आधी, १९०४ मध्ये, जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी घरखर्चाची वही छापून घराघरात पोहोचवली. ‘काकेइबो’ म्हणून ती आज जगभर विकली जाते. महिना सुरू होण्याआधीच ठरवायचं: किती येणार, किती वाचवायचं, कशावर खर्च करायचा. थोडक्यात काय, तर घर आपल्याला चालवतं की आपण घराला, याचा निकाल कागदावर लावायचा.

हे सगळं वाचताना मला राहून राहून एकच वाटत होतं, की असली वही मी कुठेतरी पाहिलीय. स्टिकर नसलेली. कव्हरवर हळदीचा डाग असलेली. कॉलेजमधल्या एका मैत्रिणीच्या अमरावतीच्या घरी, फ्रिजशेजारच्या खिळ्याला सुतळीनं टांगलेली. मग काय, मैत्रिणीला फोन केला, मुंबईहून रात्री सुटणाऱ्या अमरावती एक्स्प्रेसचं तिकीट काढलं आणि निघाले वऱ्हाडात.

पहिलं पान नळाचं

अमरावती म्हटलं की बाहेरच्यांना अंबादेवी आठवते, फार तर बडनेरा स्टेशनवरचा चहा. शहर मात्र राहायला आटोपशीर आहे. राजकमल चौकातून कुठेही जा, वीस-पंचवीस मिनिटांत पोहोचता. राजापेठेच्या मागच्या बाजूला मैत्रिणीचं घर. काका निवृत्त, दादा आणि वहिनी नोकरीवाले, दोन शाळकरी पोरं आणि या सगळ्यांच्या केंद्रस्थानी काकू.

सकाळी बॅग ठेवली आणि गप्पा सुरू करणार, तेवढ्यात काकूंनी हात वर केला. “थांब बाप्पा, नळ येऊन राहिला. आधी पाणी, मंग गप्पा!”

पुढचा तासभर घरातल्या प्रत्येकानं ठरलेलं काम केलं. कुणी काही विचारलं नाही, कुणी कुणाला हाक मारली नाही. काकांनी गच्चीवरच्या टाकीची मोटर लावली, वहिनींनी प्यायचं पाणी भरलं, मोठ्या पोरानं मागचे ड्रम. मग काकूंनी वहीत तारखेसमोर बरोबरची खूण केली आणि पुढच्या नळाची तारीख लिहून टाकली.

अमरावतीचं पाणी येतं मोर्शी तालुक्यातल्या सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणातून. त्या जलाशयाचं नाव नल-दमयंती सागर. नावातच नळ! पण घरच्या नळाला पाणी रोज येईलच असं नाही. एक दिवसाआडची सवय इथे इतकी मुरलीय, की कपडे कधी धुवायचे, पाहुण्यांना कधी बोलवायचं, कूलर कधी भरायचा, सगळं नळाच्या दिवसावर ठरतं. आपल्या प्लॅनरमध्ये आठवडा सोमवारपासून सुरू होतो. इथे नळापासून!

“काऊन गं, मुंबईत नळ रोज येते का?” काकूंनी विचारलं. मी ‘हो’ म्हटलं. “मंग तुमाले वही कायले पाहिजे?” प्रश्न गमतीनं विचारलेला होता, पण त्यात मुद्दा होता. जिथे सगळं हवं तेव्हा हवं तितकं मिळतं, तिथे प्लॅनर हा छंद. जिथे दिवस चुकला की दोन दिवस बादल्या मोजाव्या लागतात, तिथे ती गरज.

वहीत असतं काय?

वही साधी, दोनशे पानी, कापडी पाठीची. जवाहर रोडच्या दुकानातून दर दिवाळीत नवीन आणायची. लक्ष्मीपूजनाला व्यापारी वही पुजतात ना, तशी ही घरची वहीही पाटावर ठेवायची, हळदकुंकू लावायचं आणि पहिल्या पानावर ‘श्री’. शेजारच्या मारवाडी घरांतल्या लाल चोपड्या बघून काकूंच्या सासूबाईंनी हे सुरू केलं, असं काका सांगतात.

आतली मांडणी मी मुद्दाम उतरवून घेतली. डाव्या पानावर घराचं वेळापत्रक: नळ, सिलिंडर लावल्याची तारीख, वीजबिल, पोरांच्या परीक्षा, कामवाल्या ताईंच्या सुट्ट्या. (“तिची सुट्टी आधी लिवतो, मंग आपली. ती नाही तं घर नाही.”) उजव्या पानावर हिशेब: दूध, किराणा, भाजी, आहेर. मागच्या वीस पानांत ‘वर्षाची कामं’. त्याबद्दल पुढे.

भिंतीवर कालनिर्णयही आहेच. १९७३ मध्ये जयंतराव साळगावकरांनी सुरू केलेल्या या कॅलेंडरनं पंचांग सोप्या मराठीत घराघरात नेलं आणि नकळत मराठी घराला पहिला कॉमन प्लॅनरही दिला. दुधाच्या खाड्याची फुली, गॅसची तारीख, ‘मंजूचे लग्न’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं कॅलेंडर कुणाच्या घरी नव्हतं? काकूंकडे दोघांची वाटणी ठरलेली आहे. कॅलेंडरवर तारखा, वहीत तपशील. जानेवारी आला की जुन्या कॅलेंडरवरचे वाढदिवस नव्यावर उतरवायचे, हे काम नातवंडांचं.

पेन आणि पेन्सिल

वहीची खरी मजा मागच्या वीस पानांत. वऱ्हाडातला उन्हाळा म्हणजे पारा ४५ च्या वर जाणं नवीन नाही. आपण अशा उन्हाला शिव्या देतो. इथल्या बायकांनी त्याला कामाला लावलंय. गव्हाच्या कुरडया, शेवया, मुगाच्या वड्या, ज्वारीचे पापड, तिखट, मसाला असं वर्षभराचं सगळं याच दोन महिन्यांत होतं. फेब्रुवारीत नवी तूर येते, मार्चमध्ये नवा गहू. माल घरात येतो तेव्हाच भाव बरा असतो, म्हणून वर्षाचं धान्य तेव्हाच भरायचं, उन्हं दाखवायची, कोठीत टाकायचं. त्यानंतर कुरडया, कारण चीक काढायला गहू तीन दिवस भिजवावे लागतात. मग पापड, कारण ते लाटायला शेजारच्या चारजणी लागतात आणि त्यांच्या अंगणात आपल्यालाही जावं लागतं. पहिला पाऊस यायच्या आत सगळं डब्यात.

म्हणजे बघा: कच्चा माल कधी येतो, मनुष्यबळ कधी मिळतं, ऊन कधीपर्यंत आहे आणि शेवटची तारीख कुठली. प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या कोर्सला आपण हजारो रुपये भरतो ते हेच शिकायला ना?

एक गोष्ट मला फार आवडली. पक्क्या तारखा पेनानं आणि आपल्या हातात नसलेल्या पेन्सिलीनं. परीक्षा, लग्न, सण पेनानं. पाऊस, पाहुणे, टँकर पेन्सिलीनं. खोडायला लागलं तर चिडचिड नाही, कारण ते खोडावं लागणार हे आधीच मान्य केलंय.

सगळ्यात मोठं पान महालक्ष्म्यांचं. बाकी महाराष्ट्रात ज्या ज्येष्ठागौरी, त्या इथे महालक्ष्म्या. पहिल्या दिवशी आगमन, दुसऱ्या दिवशी जेवण, तिसऱ्या दिवशी बोळवण. सोळा भाज्या, आंबील, कथली, पुरणपोळी, वरून टांगलेला फुलोरा आणि घरात पन्नास-साठ पानं! काकूंच्या सासूबाईंच्या हातची मूळ यादी अजून वहीच्या पाठीला चिकटवलेली आहे. मागच्या वर्षी किती जण जेवले, डाळ किती लागली, काय उरलं, काय कमी पडलं, हे सण संपल्यावर त्याच रात्री लिहायचं. पुढच्या वर्षी अंदाजपंचे काही नाही. कॉर्पोरेटमध्ये याला काहीतरी भारदस्त नाव आहे. काकू याला ‘मागचं पाहून पुढचं’ म्हणतात.

वही कुणाची?

आता जरा गंभीर मुद्दा. इथवर वाचून तुम्हाला वाटेल, वा, काय गोड बाई आहेत. पण काकूंनी ही वही गोडपणासाठी भिंतीवर टांगलेली नाही.

पंधरा वर्षं ही वही त्यांच्या कपाटात होती. लिहायच्या त्याच, वाचायच्या त्याच. घराला सगळं मिळत होतं, पण कसं मिळतं ते एकालाही माहीत नव्हतं. काही वर्षांपूर्वी त्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. आधी आठवडाभर दवाखाना, मग पंधरा दिवस सक्तीची विश्रांती. दवाखान्यात काकांचे दिवसाला दहा फोन: गहू कुठल्या कोठीत? दूधवाल्याचे किती? फी भरली का? शेवटी टाके ओले असतानाच काकूंनी दादांना सांगितलं, कपाटातली वही काढ आणि खिळा ठोक.

“डोक्यात होतं तोवर माहं काम होतं,” काकू म्हणाल्या. “भिंतीवर आलं तं घरचं काम झालं.”

हे वाक्य मी अख्ख्या प्रवासात डोक्यात घेऊन फिरले. घरकाम म्हणजे फक्त भांडी आणि पोळ्या नाहीत. काय संपत आलंय, कुणाची लस आहे, कुणाच्या लग्नाला किती आहेर द्यायचा, हे सतत लक्षात ठेवणं हेही काम आहे. ते दिसत नाही, म्हणून मोजलं जात नाही, आणि बहुतेक घरांत ते एकाच बाईच्या डोक्यात चालू असतं. आज या वहीत चार हस्ताक्षरं आहेत. दुधाचा हिशेब काकांचा, सिलिंडर आणि बिलं दादांची, किराणा वहिनींचा. वहिनी बँकेत आहेत, फोनवर सगळी ॲप्स आहेत. पण त्या म्हणतात, “ॲपवर टाकलं की ते माझ्या फोनमध्ये राहतं, म्हणजे पुन्हा माझ्याच डोक्यात. वही येता-जाता सगळ्यांना दिसते. ‘मला माहीत नव्हतं’ असं म्हणायची सोय नाही.” कामाची वाटणी अजून समसमान नाही, हेही त्यांनी हसत सांगितलं. पण कुणाचं किती, हे आता पानावर दिसतं. भांडायलाही पुरावा लागतो की!

अकोल्याच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी सकाळी अकोल्याकडे. अंतर साधारण शंभर किलोमीटर. हा राष्ट्रीय महामार्ग ५३ प्लॅनिंगच्या बाबतीत चक्क वर्ल्ड रेकॉर्डवाला आहे. जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला दरम्यान ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत सलग डांबरीकरण करून बांधली गेली आणि गिनीज बुकात नोंद झाली. वाटेत मूर्तिजापूर लागतं. कापूस वाहून नेण्यासाठी टाकलेल्या आणि आता बंद असलेल्या नॅरोगेज ‘शकुंतले’चं हे जंक्शन. दोन्ही बाजूंना काळी जमीन, कापूस, तूर, सोयाबीन. घरच्या वहीचं खरं गणित या जमिनीत आहे, हे अकोल्यात पोहोचल्यावर कळलं.

अकोल्यात मैत्रिणीची मावशी राहते. घर जठारपेठेत, शेती बाळापूर तालुक्यात. पाण्याचं पान इथेही आहे. महानच्या काटेपूर्णा धरणातून येणाऱ्या पाण्यासाठी अकोलेकरांना काही दिवस वाट बघायची सवय आहे. पण मावशीच्या घरात वह्या दोन. काकांकडे ‘कृषी संवादिनी’, म्हणजे अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची दैनंदिनी. पिकांची माहिती आणि रोजची नोंद, दोन्ही एकाच पुस्तकात. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाला ज्यांचं नाव दिलंय, ते पंजाबराव अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे. १९३२ मध्ये शिवाजी शिक्षण संस्था काढणारे आणि पुढे देशाचे कृषिमंत्री झालेले. दुसरी वही मावशीची, घरची. दर रविवारी रात्री दोन्ही वह्या एका टेबलावर येतात. शेतात काय जाणार, घरात काय लागणार, समोरासमोर.

पगारदार माणसाचा प्लॅनर महिन्याचा असतो. शेतकऱ्याच्या घराचा वर्षाचाच असावा लागतो. जूनमध्ये बियाणं, खत, मजुरी आणि नेमकी तेव्हाच शाळा-कॉलेजची फी. पैसा येणार सोयाबीनचा दिवाळीच्या सुमारास, कापसाचा त्यानंतर वेचणी होईल तसा, तुरीचा जानेवारीपासून पुढे. गुढीपाडव्याला सालगड्याचा नवा करार. पीककर्ज भरायची तारीख तर लाल पेनानं गोल केलेली, कारण मुदतीत फेडलं तरच व्याजाची सवलत मिळते. ती सवलत देणारी राज्याची योजनाही पंजाबरावांच्याच नावाची. कागदावरची एक तारीख विसरली तर किती रुपयांना पडते, हे या घरात लहान पोरालाही माहीत आहे.

मावशीच्या वहीत दर पानावर तीन रांगा: ‘येणार’, ‘जाणार’ आणि मधली, ‘थांबू शकतं’. मी विचारलं, ही मधली रांग कशाला? तिनं कपाटातून २०१७ ची वही काढली.

२०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भातला कापूस पोखरला, ती बातमी आपण पेपरात वाचली होती. या वहीत ती वेगळ्या अक्षरात आहे. नोव्हेंबरच्या पानावर ‘येणार’ रांगेतला कापसाचा आकडा खोडलाय. खाली लिहिलेला नवा आकडा निम्म्याहून कमी. आणि मग ‘थांबू शकतं’ रांग लांबत गेलेली: नवा फ्रिज, घराचा रंग, तिरुपती, मावशीच्या पाटल्या. ‘जाणार’ रांगेत मात्र तीन गोष्टी जशाच्या तशा: कर्जाचा हप्ता, सासऱ्यांची औषधं आणि मुलीची इंजिनीअरिंगची फी.

“अळीनं कापूस खाल्ला,” मावशी म्हणाली, “पण पोरीची फी नाही खाऊ देली. आधीच ठरलं होतं ना, काय थांबते अन् काय नाही थांबत. ऐन वेळी ठरवलं असतं, तं फी थांबली असती. पोरीचंच पह्यले थांबते, सगळीकडे.”

ती मुलगी आज पुण्यात नोकरी करते. फ्रिज २०१९ मध्ये आला. पाटल्या अजून ‘थांबू शकतं’ रांगेतच आहेत.

प्लॅनरवरच्या इंग्रजी पुस्तकांत ‘विचारपूर्वक जगणं’ हा शब्द दर दोन पानांनी येतो. मला वाटतं, त्याचा अर्थ ही मधली रांग आहे. सगळं शांत असताना, डोकं ठिकाणावर असताना लिहून ठेवायचं, की आपल्या घरात कशाला हात लावायचा नाही. वही पाऊस पाडत नाही, कापसाचा भावही वाढवत नाही. पण वाईट वर्षी घरातल्या सगळ्यात गप्प माणसाच्या वाट्याचं आपोआप कापलं जातं, तेवढं ती थांबवू शकते.

तुमच्या घरासाठी : वऱ्हाडी वहीचे सहा नियम

१. वही बॅगेत नाही, भिंतीवर. स्वयंपाकघरात, सगळ्यांच्या नजरेच्या उंचीवर, पेन बांधून.

२. घरातल्या प्रत्येकाचं किमान एक पान. रूममेट्स असाल तरी हाच नियम. हस्ताक्षर एकच दिसलं, तर समजा वाटणी झालेली नाही.

३. आठवडा आपल्या ‘नळा’पासून सुरू करा. तुमच्या घरात सगळं कशावर अडतं? शिफ्ट, पगार की मुलांचं पाळणाघर? पहिली ओळ त्याची.

४. पक्कं ते पेनानं, हातात नसलेलं पेन्सिलीनं.

५. मोठं काम झालं की त्याच रात्री तीन ओळी: किती लागलं, काय उरलं, काय कमी पडलं.

६. ‘थांबू शकतं’ ही रांग हवीच. आणि काय थांबणार नाही, हे सगळ्यांनी मिळून, आधी ठरवायचं.

जाणार असाल तर

कसं जाल : मुंबई-हावडा मार्गावर अकोला आणि बडनेरा ही मोठी स्टेशनं. मुंबईहून अमरावतीला थेट रात्रीची गाडी आहे. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची सेवा एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाली.

कधी जाल : नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्यात असाल तर कावडयात्रा चुकवू नका. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी सुमारे १८ किलोमीटर खांद्यावर आणून राजराजेश्वराला वाहतात. एप्रिल-मे मध्ये गेलात, तर दुपारी घराबाहेर पडायचं नाही आणि गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया खायच्या नाहीत. मोजलेल्या असतात!

काय खाल : अमरावतीत गिला वडा, कुणाच्या घरी बोलावणं आलं तर गोळाभात आणि पातोडीची भाजी. गांधीग्रामची गूळपट्टी येताना बॅगेत.

काय आणाल : जवाहर रोड किंवा अकोल्याच्या टिळक रोडवरून दोनशे पानी, कापडी पाठीची एक वही. आणि एक खिळा.